पाचोळ्याची किंमत

आमच्या घरामागें बारा चौरस मीटर जमीन आहे. हा आकडा ऐकून खेड्यांतील वाचक हंसतील, आणि त्यांस हंसण्याचा पूर्ण अधिकार आहे. ज्यांच्या घरीं एक बैलजोडी बांधण्यासच एवढी जागा लागते, त्यांना या तुकड्यास ‘बाग’ म्हणणें हा शहरी लोकांचा पोकळ डौल वाटेल. परंतु नवी मुंबईंत स्वतःच्या मालकीची बारा चौरस मीटर माती ज्यास लाभली, त्यास लोक भाग्यवान् समजतात, व आम्हीही स्वतःस तसेंच समजत आलों. या एवढ्याशा जमिनीवर आच्छादन घालण्यास आम्हांस पहिल्या वर्षीं १०,२०० रुपये खर्च आला आणि दुसऱ्या खेपेस १,१९० रुपये. हा फरक कसा पडला, आणि पहिल्या हिशेबांत जी एक रक्कम आम्हांस आजवर मांडतां आली नाहीं ती कोणती, हें या वार्षिकांकाच्या वाचकांस सांगावें असें मनांत आल्यावरून हा लेख लिहीत आहों.

आमचें घर बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्यें आहे. सिडकोची ही वसाहत प्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्याप्रमाणें १९८३ ते १९८६ या काळांत उभी राहिली. सुमारें आठ मीटर लांबरुंद अशा चौकाभोंवतीं सात घरें, आणि कोणत्याही दोन घरांमध्यें सामाईक भिंत नाहीं, अशी तिची रचना. प्रत्येक कुटुंबानें आपल्या ऐपतीप्रमाणें पुढें घर वाढवावें हा त्यांतील हेतु. लोकांनीं तो इतक्या मनापासून मानला कीं, मूळ रूपांतलीं घरें आज तेथें शोधावीं लागतात. आमच्याही घरानें मागील अंगण बरेंच गिळलें. उरलें तें हें बारा चौरस मीटर. त्यांत कढीलिंब, मोगरा, दोन जास्वंदी, आणि आमच्या तीर्थरूपांनीं २०१९ सालीं घोलवडहून आणून स्वहस्तें लावलेलें चिकूचें एक कलम. पुढच्याच वर्षीं ते निवर्तले.

येथील माती म्हणजे पारसिकच्या डोंगराचा मुरूम आणि घर बांधतांना राहिलेला राडारोडा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या भागांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि पुढले आठ महिने जवळजवळ एक थेंब पडत नाहीं. उघड्या मातीवर आधीं थेंबांचा मारा बसतो, तिचा वरचा मऊ थर वाहून जातो. मग उन्हानें तीच माती भाजलेल्या विटेसारखी कठीण होते व वरून ओतलेलें पाणी आंत न शिरतां कडेनें पळून जातें. डोंगरावरच्या रानांत असें होत नाहीं, कारण तेथें कोणी झाडूं मारीत नाहीं. पडलेलें पान पडल्या जागींच राहतें, थेंबाचा मार आपल्या अंगावर घेतें, उन्हाची झळ अडवितें, आणि कुजून मातींत मिसळतें. डार्विनसाहेबांनीं १८८१ सालीं गांडुळांवर जो ग्रंथ लिहिला त्यांत गांडुळें हीं पानें टोंकाकडून धरून बिळांत कशीं ओढतात याचें बारीक निरीक्षण आहे. आमच्या विद्यार्थी मित्रांनीं पावसाळ्यांत रात्रीं बॅटरी घेऊन हें स्वतः पाहावें. शेतकरी लोक ज्यास वाफसा म्हणतात, म्हणजे मातींत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे अशी स्थिति, ती या आच्छादनाखालीं पुष्कळ दिवस टिकते. विदर्भांतील सुभाष पाळेकर यांनीं आपल्या शेतीपद्धतींत आच्छादन व वाफसा या दोहोंस मुख्य अंगें मानलें आहे. २०१६ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

हें सारें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. पुस्तकी ज्ञान पुष्कळ होतें. तरीसुद्धां वर्षानुवर्षें आमचा क्रम असा होता कीं, आठवड्यांतून एकदां माळी यावा, त्यानें अंगण आरशासारखें स्वच्छ करावें, शेजारच्या मोठ्या झाडांचाही जो पाला आमच्याकडे उडून येई तो गोळा करावा आणि मागच्या मोकळ्या जागेंत नेऊन पेटवावा. या कामाचे त्यास महिन्याकाठीं २०० रुपये निराळे मिळत. चौकापलीकडील घरांत दम्याचा विकार असलेली एक मुलगी आहे. धूर निघाला कीं त्या घराच्या खिडक्या धडाधड बंद होत. तो आवाज आम्हांस ऐकूं येई, परंतु त्याचा आमच्या पाचोळ्याशीं संबंध आहे हें ध्यानांत यावयास, खरें सांगावयाचें तर, फार दिवस लागले. उघड्यावर कचरा जाळणारास ५,००० रुपये व मोठ्या प्रमाणावर जाळणारास २५,००० रुपये भरावे लागतील असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २२ डिसेंबर २०१६ रोजीं दिला होता. तोही आम्हीं वर्तमानपत्रांत वाचला होता व घडी करून ठेवून दिला होता.

मग २०२३ चा मे महिना आला. कोठल्याशा सचित्र पुस्तकांत आमच्या घरांतून एका बागेचें चित्र पाहण्यांत आलें. झाडांच्या बुंध्यांशीं तपकिरी लाकडाच्या चकत्यांचा जाड गालिचा, एकही तण नाहीं, सर्व कसें रेखीव. चित्र आम्हांस दाखविण्यांत आलें आणि त्याच आठवड्यांत आम्ही एका रोपवाटिकेंत जाऊन उभे राहिलों. दुकानदार त्या चकत्यांस ‘मल्च’ म्हणत होता. पन्नास लिटरची थैली ४५० रुपयांस. किती थैल्या लागतील हें आमच्या आठवींतल्या चिरंजीवांनीं तेथेंच उभ्या उभ्या काढलें. “बाबा, थर साडेसात सेंटिमीटरचा हवा. बारा चौरस मीटरांवर म्हणजे नऊशें लिटर. अठरा थैल्या.” गणित बरोबर होतें. थैल्यांचे ८,१०० रुपये, टेंपोचें भाडें ९०० रुपये, आणि दोन मजुरांची अर्ध्या दिवसाची मजुरी १,२०० रुपये, मिळून १०,२००. दर चौरस मीटरास ८५० रुपये पडले!

लूकच्या शुभवर्तमानांत बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याविषयीं प्रभूनें जें सांगितलें आहे तें आमच्या शाळेंत कित्येकदां वाचलें गेलें असेल. आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहींतर पाया घालून हात टेकण्याची पाळी येते. आमचा अंदाज तर चोख होता. परंतु आम्हीं फक्त विकत घेण्याचा अंदाज घेतला. जी वस्तु आम्ही दरमहा २०० रुपये देऊन, म्हणजे वर्षास २,४०० रुपये देऊन, घराबाहेर काढीत होतों, तिच्याच जातीची वस्तु दहा हजार रुपये देऊन आंत आणीत होतों, हें त्या दिवशीं आम्हां तिघांपैकीं एकाच्याही लक्षांत आलें नाहीं.

लक्षांत आलें तें मावशींच्या. या मावशी बेलापूर गांवांतल्या. सिडको येण्यापूर्वीं त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती. आतां त्या सकाळीं पालेभाजी विकतात आणि सवड असेल तेव्हां चार घरीं अंगणाचें काम करतात. मजूर चकत्या पसरीत असतां त्या भाजीची पाटी घेऊन दाराशीं आल्या, थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “दादा, हें लाकूड विकत आणलंत? आणि तुमचा माळी काल पाला जाळीत होता तो?” आम्हीं हंसून विषय टाळला. मग चिकूकडे बोट करून त्या म्हणाल्या, “झाडाच्या गळ्याशीं एवढा ढीग नका करूं. खोडाला वारा लागूं द्या.” चित्रांतल्या बागेंत प्रत्येक बुंध्याशीं असा सुरेख उंचवटा होता, म्हणून आम्हींही तसाच करविला होता. मावशींना आम्हीं “बरें” म्हटलें, आणि कांहींच केलें नाहीं.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. पाला जाळणें हें या भागांतल्या शेतकऱ्यांस नवें नाहीं. मावशींच्याच तोंडून आम्हीं राबाचें वर्णन ऐकलें आहे: पेरणीपूर्वीं रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा, टहाळ व शेणाचा थर देऊन तो भाजावयाचा, म्हणजे तणाचें बीं मरतें आणि राख मातीस मिळते. त्या जाळण्यास कारण होतें, जागा ठरलेली होती आणि राख शेतांतच राहत होती. आमच्या जाळण्यास नीटनेटकेपणाच्या हौसेवांचून दुसरें कारण नव्हतें.

जुलैंत पावसानें जोर धरला. लाकडाच्या हलक्या चकत्या कोरड्या जमिनीवर मे महिन्यांत पसरल्या होत्या. त्या मातीस धरून बसावयाच्या तों पाऊसच आला, आणि एका रात्रींत निम्मा गालिचा तरंगत जाऊन चौकाच्या गटारांत बसला. गटार तुंबलें, शेजाऱ्यांच्या पायरीपर्यंत पाणी आलें, व तें मोकळें करून घेण्यास वर आणखी ५०० रुपये मोजावे लागले. अर्थात् एकूण १०,७००. उरलेल्या चकत्यांखालीं गोगलगाईंनीं आपलें बिऱ्हाड थाटलें आणि मोगऱ्याचे कोंवळे शेंडे एकामागून एक नाहींसे होऊं लागले.

ऑगस्टच्या मध्यास चिकूचीं पानें पिंवळीं पडलेलीं दिसलीं. बुंध्याशीं हात घालून ढीग बाजूस केला. खोड मनगटाएवढें झालें होतें. जमिनीलगतची साल काळवंडली होती आणि बोटानें दाबतांच ओल्या पुठ्ठ्यासारखी सुटून आली. पानांनीं तयार केलेलें अन्न सालीखालून मुळांकडे उतरतें, हें आमच्या चिरंजीवांच्या शास्त्राच्या पुस्तकांत आकृतीसह दिलेलें आहे; साल सभोंवार गेली कीं मुळें उपाशी मरतात. तीन महिने अहोरात्र ओल्या ढिगांत गाडलेल्या सालीचें दुसरें काय व्हावयाचें होतें? आम्हीं ढीग हटविला, खोड उघडें केलें, जें जें कोणी सांगितलें तें तें केलें. दिवाळींत झाड वाळलें.

तें तोडण्याचें काम माळ्यास सांगवेना. मुलानें आणि आम्हीं मिळून तें करवतीनें कापलें. त्याच्या आजोबांनीं झाडाशेजारीं रोवलेली कळकाची काठी अजून तशीच होती. ती त्यानें उपटून घरांत नेली व कपाटामागें उभी करून ठेविली. त्या रात्रीं खर्चाची वही लिहितांना त्यानें चकत्या, टेंपो, मजुरी, गटार असे सर्व आकडे एकाखालीं एक मांडले, शेवटीं ‘चिकू’ असें लिहिलें, आणि पुढील रकान्याकडे बराच वेळ पाहून वही मिटली. तो रकाना कोराच आहे.

दुसऱ्या खेपेची हकीकत थोडक्यांत सांगतां येते, कारण तींत आम्हीं आमची अक्कल फारशी चालविली नाहीं. मावशी सांगतील तसें केलें. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें पानगळ झाली तेव्हां माळ्यास जाळण्याची मनाई करून सर्व पाला बारा गोणींत भरून जिन्याखालीं ठेविला. गोणी २० रुपयांस एक, म्हणजे २४० रुपये. मे महिन्यांत वाशीच्या घाऊक फळबाजारांत हापूसच्या पेट्या फुटूं लागल्या कीं आंतील पेंढा कचऱ्यांत जातो. आमच्या नात्यांतील एक गृहस्थ तेथें हिशेबनीस आहेत, त्यांनीं दोन गोणी भरून ठेविला. रसवंतीवाल्यानें उसाचीं चिपाडें फुकट दिलीं. हीं दोन्ही आणण्याचें रिक्षाभाडें १५० रुपये. चिपाडें मात्र आठ दिवस उन्हांत खडखडीत वाळवावीं लागतात, नाहींतर गोडीनें मुंग्यांची जत्रा भरते. हें आम्ही मुंग्यांकडूनच शिकलों.

पसरण्याची घाई मावशींनीं करूं दिली नाहीं. पाऊस संपून सप्टेंबर सरला, जमिनींत ओल भरपूर होती पण पाणी सांचलेलें नव्हतें, तेव्हां ऑक्टोबरच्या दोन सकाळीं त्यांनीं व आम्हीं मिळून खालीं पेंढा व चिपाडांचे तुकडे आणि वर पाला अशी रचना केली. ओल असलेली जमीन झांकली तर ओल टिकते. वाळलेली झांकली तर शिंपलेलें थोडें पाणीही वरचेंच आच्छादन पिऊन टाकतें. मे महिन्यांत आम्ही नेमके येथेंच चुकलों होतों. थर चार बोटांचा. प्रत्येक खोडाभोंवतीं वीतभर जागा मोकळी. घराच्या भिंतीपासूनही तेवढेंच अंतर, कारण वाळवीस सुक्या पाल्यांतून भिंतीकडे रस्ता करून देणें बरें नव्हे. मावशींची दोन सकाळींची मजुरी ८०० रुपये. एकूण १,१९०, चौरस मीटरास शंभराच्या आंत. पूर्वीं उन्हाळ्यांत रोज सहा बादल्या पाणी लागे, तें आतां दर तिसऱ्या दिवशीं सहा बादल्या लागतें. अर्थात् हा थर मार्चपर्यंत निम्म्यावर येतो आणि पुन्हां भर घालावी लागते. एकदां पैसे टाकले व सुटलों असें यांत नाहीं.

कित्येक पालक विचारतील कीं एवढी यातायात कशाला, खडी कां पसरूं नये? पसरावी, ती कुजत नाहीं व वाहूनही जात नाहीं. परंतु उन्हांत ती तापते, मातीस कांहीं देत नाहीं, आणि एकदां मुरमांत रुतली कीं पुढल्या पिढीसही निवडून काढतां येत नाहीं. भाताचें तूस स्वस्त, परंतु वाऱ्यानें शेजाऱ्यांच्या चहांत पडतें. आमच्या शाळेची सहल महाबळेश्वरास जाते तेव्हां मुलांनीं स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर प्लास्टिकचा ताणून बसविलेला कागद पाहिला असेल. तोही आच्छादनाचाच प्रकार; त्यानें तण उगवत नाहीं व फळ मातीस टेंकत नाहीं. केंद्र सरकारच्या फलोत्पादन अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा कागदाचा खर्च हेक्टरीं ३२,००० रुपये धरून निम्म्याचें अनुदान ठेविलें होतें. मुलानें लगेच भागाकार केला: चौरस मीटरास ३ रुपये २० पैसे. शेतकरी पोटासाठीं तीन रुपयांत जमीन झांकतो आणि आम्हीं शोभेसाठीं ८५० रुपयांस झांकली, हें ऐकून आमच्या घरांतून बराच वेळ कोणी बोललें नाहीं. प्लास्टिक घरच्या बागेस आणावें असें मात्र आम्ही म्हणत नाहीं; हंगाम संपल्यावर त्याच्या चिंध्या वेंचण्याचें काम कोणास आवडत नाहीं.

ज्यांची बाग म्हणजे खिडकीच्या जाळींतल्या चार कुंड्या, त्यांचा खर्च तर सांगण्यासारखाही नाहीं. फूटभर रुंद कुंडीस दोन बोटांच्या थरासाठीं सुमारें तीन लिटर पाला पुरतो. नारळाचें एक सोडण हातानें पिंजून घातलें तरी काम भागतें. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनीं २००२ च्या सुमारास तेथल्याच ओल्या कचऱ्यावर व सुक्या पाल्यावर फळझाडें वाढविण्यास आरंभ केला. गच्चीवर जें साधतें तें खिडकींत साधण्यास हरकत नसावी.

माळ्याची गोष्ट राहिली. पाला जाळण्याचें काम बंद झालें तेव्हां आपले २०० रुपये गेले असें समजून तो दोन आठवडे आलाच नाहीं. त्याचें कांहीं चुकलें नव्हतें. अंगण आरशासारखें करावयास आम्हींच त्यास सांगितलें होतें. आम्हीं त्याचे पैसे चालूच ठेविले. आतां तो पाला गोणींत भरतो, बसलेला थर हलवून मोकळा करतो, आणि पावसाळ्यांत संध्याकाळीं गोगलगाई वेंचतो. हें काम पूर्वींच्यापेक्षां अधिक आहे असें त्याचें म्हणणें असून तें खरेंही आहे. हे पैसे १,१९० मध्यें धरावेत कीं नाहीं याविषयीं घरांत मतभेद आहे. चौकापलीकडच्या खिडक्या हल्लीं संध्याकाळीं उघड्या असतात. मागील महिन्यांत आमच्या फाटकाशीं पाल्यानें भरलेली एक गोण कोणी तरी ठेवून गेलें. गोणीवरून ती त्याच घरची असावी असें वाटतें.

येत्या जूनमध्यें घोलवडहून नवें कलम आणावयाचें ठरलें आहे. जुन्या जागेपासून दोन हात अंतरावर खड्डा करून त्यांत माती व शेणखत भरलें असून वर पाचोळा पसरला आहे. मधोमध मुलानें आजोबांची ती कळकाची काठी आणून रोवली. मावशी आल्या, त्यांनीं काठीभोंवतींचा पाचोळा हातानें बाजूस सारला, वीत लावून पाहिली, आणि आणखी थोडा सारला.